मुद्दल, व्याज आणि गहाण घर

हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात सावकारी व्याजाचा सर्रास आढळणारा दर नोंदविला आहे : रुपयामागे दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५. लालबाग-परळच्या गिरणगावाला हा दर अपरिचित नव्हता. सोळा महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढे होई. या टप्प्यावर, निदान न्यायालयात तरी, दामदुपटीचा नियम सावकाराला आडवा येत असे. एका वेळी वसूल करावयाची व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये, असा हा हिंदू धर्मशास्त्रातला नियम मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी मान्य केला होता. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे उसळले. त्यानंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला कर्जरोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. कागदावर ऋणकोची सही असली, तरी हिशेब न्यायाधीशाला पाहता आला पाहिजे, हे त्यामागचे सूत्र होते.

गेल्या चाळीस वर्षांत हे सूत्र हळूहळू उलटे झाले आहे. बँकिंग नियमन कायद्यातील २१-अ हे कलम फेब्रुवारी १९८४ पासून अमलात आले. बँकेचा व्याजदर अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाने कर्जव्यवहार पुन्हा उघडू नये, असे हे कलम बजावते. त्या काळी कर्जाचे दर बहुतांशी रिझर्व्ह बँकच ठरवीत असल्याने या तरतुदीला काही अर्थ होता. परंतु ऑक्टोबर १९९४ मध्ये दोन लाख रुपयांवरील कर्जांचे दर ठरविण्याची मोकळीक बँकांना मिळाली. तरतुदीचा आधार सुटला. न्यायालयावरील बंधन मात्र कायम राहिले. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचा भंग झाला असेल तरच न्यायालयाला दखल घेता येते.

चक्रवाढ व्याजाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सेंट्रल बँक विरुद्ध रवींद्र या खटल्यात २००१ मध्ये निकालात काढला. ठरल्या मुदतीने थकलेले व्याज मुद्दलात मिळविता येईल, दंडव्याज मात्र मिळविता येणार नाही, असा तो निर्णय होता. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये काढलेल्या व २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी दंडव्याजाची पद्धतच बंद केली. आता केवळ दंडशुल्क आकारता येते. नियम चांगला आहे. तो आपल्या खात्यात पाळला गेला की नाही, हे दादरच्या शिक्षकाने किंवा गिरगावातल्या कारकुनाने ओळखावे कसे, हा खरा प्रश्न आहे.

एक साधे गणित पाहावे. तीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २३,२५९ रुपये येतो. सुरुवातीच्या काळातच दर ९ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर महिन्याचे व्याजच २२,५०० रुपयांच्या आसपास होते. मुद्दलातून जेमतेम साडेसातशे रुपये फिटतात. हप्ता न चुकविणाऱ्या माणसालाही आपले कर्ज जागचे का हलत नाही, हे कळत नाही. पुढे नोकरी गेली किंवा आजारपण आले, की हा न समजलेला हिशेबच नोटिशीतील थकबाकी होऊन समोर उभा राहतो.

तेथून पुढची वाट २००२ च्या सरफेसी कायद्याची आहे. साठ दिवसांची नोटीस आणि त्या मुदतीत पैसे न भरल्यास दिवाणी दाव्याविना ताबा व लिलाव, असा तिचा क्रम. कर्जदाराने आक्षेप घेतल्यास बँकेने पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताब्याची कारवाई झाल्यावर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्यासाठी मागणीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरण्याची अट होती. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्डिया केमिकल्स खटल्यात रद्द केली.

घर सोडवून घेण्याचा अवधीही आखडला आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६९ व्या कलमाने मुंबई शहरात न्यायालयाबाहेर विक्रीची मुभा काही गहाणांना पूर्वीपासून होती. पण विक्रीखत पुरे होईपर्यंत गहाण सोडविण्याचा हक्क जिवंत राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये नारणदास करसनदास खटल्यात म्हटले होते. सरफेसी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने आणि तिचा अर्थ लावणाऱ्या २०२३ च्या बाफना मोटर्स खटल्यातील निकालाने तो हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होताच संपतो.

ज्याने कर्ज घेतलेच नाही, असा चाळीतला भाडेकरूही यातून सुटत नाही, कारण गहाण घरमालकाने ठेवलेले असू शकते. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण सरफेसीने हिरावले जात नाही, असा निर्वाळा २०१६ मध्ये मुंबईतल्याच कलसारिया खटल्यात मिळाला. मात्र २०१९ च्या अग्रवाल निकालाने गहाणापूर्वीच्या कायदेशीर भाडेकरूपणाचा समाधानकारक पुरावा मागितला. जुन्या भाडेपावत्यांची मातब्बरी यामुळे वाढली आहे.

बँकेचीही बाजू आहे. ती जो पैसा कर्जाऊ देते, तो ठेवीदारांचा, म्हणजे पुष्कळदा याच वस्तीतल्या निवृत्तांचा असतो. वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या दाव्यांत तो अडकून पडणे कोणाच्याच हिताचे नाही. वसुलीचा वेग म्हणूनच आवश्यक आहे. पण वेग वाढवावयाचा तर हिशेबाची स्पष्टताही तितकीच वाढली पाहिजे. नोटिशीत देय रकमेचा तपशील असावा, एवढेच कायदा सांगतो. राहत्या घराच्या बाबतीत त्या नोटिशीसोबत कर्ज दिल्यापासूनचा दर, तो बदलल्याच्या तारखा, मुद्दलात मिळविलेले व्याज आणि निराळे दाखविलेले दंडशुल्क यांचा मराठीतील तक्ता जोडणे सक्तीचे केले, तर बँकेवर फारसा भार पडणार नाही. तिच्या यंत्रांत ही माहिती असतेच. हिशेबाविषयी आक्षेप आला असेल, तर न्यायाधिकरणाने लिलावाची सूचना निघण्यापूर्वी तेवढ्याच मुद्द्याचा निर्णय द्यावा, अशीही तरतूद व्हावी. सावकाराच्या वहीत डोकावण्याचा अधिकार १८७९ मध्ये परकीय सरकारने मान्य केला होता. बँकेच्या वहीबाबत स्वदेशी कायद्याने त्याहून मागे राहण्याचे कारण नाही.