काळ्या भारी जमिनीत हिरवळीची पूर्वतयारी

नांदेड व लातूर भागात घराच्या अथवा विद्यालयाच्या आवारात हिरवळ करावयाची झाल्यास पहिला प्रश्न गवताचा नसून जमिनीचा असतो. येथील भारी काळी जमीन दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या अपक्षयातून निर्माण झाली आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज सूक्ष्म थरांचे बनलेले असते. थरांमध्ये पाणी शिरले की ते फुगते व पाणी निघून गेले की आकसते. म्हणूनच ही जमीन पावसाळ्यात चिखलमय होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओली असता ती कुदळीला चिकटते. पूर्ण वाळली असता कुदळीला दाद देत नाही. या दोन टोकांमधील योग्य ओलाव्याच्या अवस्थेस शेतकरी ‘वाफसा’ म्हणतात. हाताने मशागत करणाऱ्याचे यश श्रमांइतकेच या वाफशाच्या पारखीवर अवलंबून असते.

ही पारख सोपी आहे. सुमारे १० सेंटिमीटर खोलीवरील माती मुठीत दाबून गोळा करावा व तो अंगठ्याने दाबावा. तो कणीदार फुटला तर वाफसा आला असे समजावे. कणकेसारखा चेपला तर थांबावे. ओल्या मातीत खोदकाम केल्यास, किंबहुना ती नुसती तुडविल्यासही, मातीचे कणसमूह मोडतात व हवा-पाण्याचे मार्ग बुजतात. पुढे कितीही खत घातले तरी ही हानी लगेच भरून निघत नाही.

खोदाईस पावसाळ्यानंतर, ओल उतरत असताना, आरंभ करावा. २० ते २५ सेंटिमीटर खोल खणून ढेकळे तशीच उन्हात तापू द्यावीत. कुंदा व लव्हाळा यांच्या मुळ्या आणि गाठी या वेळी वेचून काढाव्यात. ढेकळे फोडण्याची घाई करू नये. उन्हाने तडकलेली ढेकळे वळवाच्या सरींनी आपोआप भुसभुशीत होतात. त्यानंतर वाफशावर दाताळे फिरविणे पुरते.

माती हलकी करण्यासाठी थोडी वाळू मिसळण्याची प्रथा आहे. परंतु तिचा उपयोग होत नाही. १०० चौरस मीटर क्षेत्रात २० सेंटिमीटर खोलीपर्यंत २० घनमीटर माती असते. तिचा गुणधर्म पालटण्यास निम्म्याहून अधिक वाळू लागेल. याउलट चांगल्या कुजलेल्या शेणखताचा ३ सेंटिमीटरचा थर, म्हणजे तेवढ्याच क्षेत्रास ३ घनमीटर खत, कणसमूह बांधण्यास साहाय्यभूत होतो. जिप्समची योजना मातीपरीक्षणात जमीन चोपण ठरली तरच करावी. शेवटी पाणी साचू नये म्हणून दर १० मीटरला १० ते १५ सेंटिमीटर उतार द्यावा.

गवताची निवड करताना पाण्याचा विचार अपरिहार्य ठरतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात हिरवळीचे क्षेत्र मर्यादित ठेवावे व हरळीस प्राधान्य द्यावे. पाण्याच्या ताणात हरळीची पाने करपतात, पण जमिनीतील खोडे तग धरतात आणि पाऊस पडताच पुन्हा फुटतात. शेतकरी जिला तण म्हणून खणून टाकतो, तीच या जमिनीत हिरवळीसाठी सर्वाधिक भरवशाची ठरते.