कडब्यांतील साखर

उस्मानपुऱ्यांतून धांवणाऱ्या मोटारींच्या पेट्रोलांत आतां शेंकडा 20 पर्यंत मद्यार्क मिसळलेला असतो. हा टप्पा देशानें 2025 सालीं गांठला. हा मद्यार्क मुख्यतः ऊंस, मका व तांदूळ यांपासून होतो. मग जें मनुष्य खात नाहीं त्या ज्वारीच्या कडब्यापासूनच तो कां काढूं नये, असा प्रश्न कोणासही सुचेल.

ज्वारी ही गवताच्याच कुळांतली. तिच्या वाळलेल्या धाटांतही साखर असते. परंतु ती सेल्युलोजच्या लांबच लांब सांखळींत गुंफलेली व लिग्निन नांवाच्या चिवट द्रव्यानें लिंपलेली. गिलावा फोडल्यावांचून वीट हातीं येत नाहीं, तसाच हा प्रकार. म्हणून धाटें बारीक करून सौम्य आम्ल व वाफ यांनीं प्रथम मऊ करावीं लागतात. आंच जास्त झाली तर साखरच करपून असे पदार्थ उत्पन्न होतात कीं, त्यांनीं पुढें यीस्ट गुदमरतें.

मग पाळी पाचक द्रव्यांची. तीं देणारी एक बुरशी दुसऱ्या महायुद्धांत सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचें सुती कापड कुजवितांना सांपडली. तीच आज कारखान्यांत लाडानें पोसली जाते! या द्रव्यांची किंमत हा मोठा अडसर आहे. शिवाय धाटांतील झायलोज नांवाची दुसरी साखर नेहमींच्या यीस्टला पचत नाहीं. ती पचविण्यासाठीं यीस्टच्या आनुवंशिक घडणींतच फेरफार करावा लागतो.

पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रानें हरियाणांत पानिपत येथें 2022 सालीं असा कारखाना उघडला. वर्षास दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारें तीन कोटि लिटर, म्हणजे टनामागें दीडशें लिटर मद्यार्क, अशी त्याची योजना. परंतु तिकडे पेंढा शेतांतच जाळतात. मराठवाड्यांत कडबा हें गुरांचें अन्न आहे. 2016 सालीं लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तेव्हां मराठवाड्यांत गुरांसाठीं छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. अशा वर्षीं बैलापुढची पेंढी उचलून मोटारीस घालणें कोणत्या शेतकऱ्यास रुचेल? पऱ्हाटीला गुरें तोंड लावीत नाहींत खरीं, पण ती लांकडासारखी कठीण, आणि कित्येक घरांची चूलही तिच्यावरच पेटते.

फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें निराळीच वाट धरली. गोड ज्वारीचें धाट हिरवें असतांनाच पिळावयाचें, रस आंबवून मद्यार्क करावयाचा, कणसांतले दाणे माणसांस, आणि उरलेलें चिपाड गुरांच्या दावणींत.