विद्येचे नाणे परदेशी चालेना

परमुलखी जाणे दोन प्रकारांनी घडते. विद्या, धन वा कीर्ती यांसाठी जो आपखुशीने जातो, त्यास परतीची वाट मोकळी असते. परंतु घरची चूल पेटेनाशी झाली म्हणून जो निघतो, त्याची अवस्था निराळी. दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशाची अलीकडची हकीकत या दुसऱ्या प्रकारात मोडते.

हा देश मुळात दरिद्री नव्हे. खनिज तेलाचा जगातील सर्वांत मोठा ज्ञात साठा तेथेच आहे. एके काळी स्पेन, इटली, पोर्तुगाल व शेजारचा कोलंबिया येथील लोक पोट भरण्यास याच देशी येत असत. परंतु निर्यातीचे बहुतेक सर्व उत्पन्न एका तेलावर विसंबलेले, त्यात राज्यकारभाराची अव्यवस्था! २०१४ साली तेलाचे भाव कोसळले आणि सारा डोलारा ढासळला. पुढे परकीय निर्बंधांची भर पडली. तेथील मध्यवर्ती बँकेच्याच आकड्यांप्रमाणे २०१८ या एका वर्षात महागाई सुमारे १,३०,००० टक्क्यांनी वाढली. २००८, २०१८ व २०२१ या तीन वेळी मिळून नाण्याच्या किमतीतील १४ शून्ये सरकारास पुसावी लागली. शिक्षकाच्या मासिक वेतनात कुटुंबाचा आठवड्याचा शिधाही येईना.

तेव्हा लोकांनी देश सोडला. आजवर ७० लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. ज्यांपाशी गाडीभाडे नव्हते, ती सीमेवरील पूल ओलांडून कोलंबियातील कुकुता शहरी आली आणि तेथून पायीच निघाली. वाटेत सुमारे तीन हजार मीटर उंचीचे बर्लिन नावाचे थंडगार पठार लागते. उष्ण प्रदेशातील ही माणसे अंगावरच्या पातळ वस्त्रांनिशी, मुले कडेवर घेऊन ते चढत. कित्येकांनी पुढे पनामाच्या सीमेवरील दारियेनचे बिनरस्त्याचे अरण्यही तुडविले. तेथे नद्यांचे पूर आणि लुटारू या दोहोंनी अनेकांचे बळी घेतले.

पण शरीराचे क्लेश कधी तरी सरतात. आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांस शिकविले की, विद्या हे चोरास न हरता येणारे धन आहे. ते खरेच, परंतु हे धन परक्या बाजारात वटतेच असे नाही. पदवीच्या कागदावर हवा तो शिक्का नसल्यामुळे डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक अशांस रस्त्यात कॉफी विकावी लागली, परक्यांच्या दारी जेवणाचे डबे पोचवावे लागले. परवाना नाही, म्हणून मजुरी बुडाली तरी दाद मागण्याची सोय नव्हती. इकडे मागे राहिलेली मुले आजीच्या पदराखाली वाढली, आणि तिच्या उतारवयात आधार म्हणून उरले ते दूरदेशीहून येणारे पैसे. एकत्र कुटुंबात नांदणाऱ्या आमच्या वाचकांस या ताटातुटीचे दुःख निराळे सांगावयास नको.

२०२१ साली कोलंबियाने आपल्याकडे आलेल्या अशा सुमारे १७ लाख लोकांस दहा वर्षे राहण्याची व काम करण्याची मुभा देण्याचे ठरविले. केवळ एक कागद तो! परंतु ज्याचे सर्वस्व गेले, त्याचे नाव तेवढे त्याला परत मिळाले. आपल्या दारी डबा घेऊन येणारा मनुष्य पूर्वी कोण होता, हे आपणही एकदा आस्थेने विचारावे, इतकीच आमची विनंती.