पिंपरीची माती आणि शिकणारीं यंत्रें

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. इयत्ता नववीच्या वर्गांत यंत्रांचा धडा चालला असतां मागील बांकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, कॅमेरा माणसापेक्षां हुशार असतो काय?" वर्ग हंसला. मीं त्यास जवळ बोलाविलें, तेव्हां प्रश्नामागील हकीकत कळली. त्याचे वडील चाकणच्या बाजूस मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यांत कंत्राटदाराच्या हाताखालीं कामास आहेत. रंग दिलेल्या पत्र्यावर कोठें ओरखडा, कोठें फोड, कोठें रंगाचा ओघळ राहिला आहे काय, हें पाहण्याचें त्यांचें काम. नऊ वर्षें त्यांनीं तें केलें. आतां त्या जागीं कॅमेरा बसविला आहे, व घरांत रोज त्याचीच चर्चा चालते. हें ऐकून वर्ग हंसावयाचा थांबला. कारण त्या वर्गांतील कितीतरी मुलांच्या घरीं पहांटेच्या पाळीची बस पकडणारें कोणीतरी आहे.

घंटा होईपर्यंत त्या प्रश्नाचें उत्तर मला नीट देतां आलें नाहीं. म्हणून हा लेख लिहीत आहें. पालकांनींहि तो वाचावा, अशी विनंति आहे.

प्रथम कॅमेऱ्याचें गूढ उकलूं. ओरखडा म्हणजे काय, याची व्याख्या त्यास कोणी शिकवीत नाहीं. हजारों पत्र्यांचीं छायाचित्रें घेतात. एखादा जाणता माणूस एकेक चित्र पाहून त्यावर 'चांगला' अथवा 'सदोष' असा शेरा मारतो, व दोष असेल तेथें चौकट काढतो. मग संगणक प्रत्येक चित्रांतील लक्षावधि ठिपके आंकड्यांच्या रूपानें घेतो, त्या आंकड्यांना निरनिराळीं वजनें लावतो व आपला अंदाज बांधतो. अंदाज चुकला कीं वजनें किंचित् सरकवावयाचीं. पुन्हां अंदाज, पुन्हां दुरुस्ती. असें लाखों वेळां झालें म्हणजे शेरा न मारलेलें नवें चित्र पुढें आलें तरी अंदाज बहुधा बरोबर येऊं लागतो. आंब्याच्या आढींत हात घालून पिकलेला आंबा ओळखावयास मूल असेंच शिकतें. फरक इतकाच कीं, मुलास वीस-पंचवीस आंबे पुरतात आणि एकदां शिकलें म्हणजे हापूस काय, पायरी काय, त्याचें अडत नाहीं. यंत्राचें तसें नसतें. उजेड बदलला, रंगाची नवी छटा आली, कीं त्याची मति गुंग होते.

हें समजावून दिल्यावर मीं त्या मुलास विचारलें, "मग तुमच्या कारखान्यांत चित्रांवर शेरे कोणीं मारले?"

तो म्हणाला, "बाबांनींच. तीन आठवडे त्यांना एका खोलींत संगणकापुढें बसविलें होतें."

त्या तीन आठवड्यांचा रोज त्यांना नेहमींचाच मिळाला. नऊ वर्षांत कमावलेली नजर यंत्रांत उतरली, यंत्र कारखानदाराचें झालें, व नजर ज्याची त्याच्या हातीं नेहमींचा पगार. यांत कोणीं चोरी केली असें म्हणतां येत नाहीं. सर्व व्यवहार रीतसर झाला. परंतु रीतसर व्यवहारांतूनहि एकाची झोळी भरते व दुसऱ्याची रिकामी राहते, हें आपण पाहतों. एका खोलींत जें घडलें तेंच आज देशादेशांमध्यें घडत आहे.

भाषेचें उदाहरण घ्या. मागितल्याबरोबर निबंध लिहून देणारीं जीं यंत्रें २०२२ च्या नोव्हेंबरनंतर सर्वतोमुखीं झालीं, तीं याच पद्धतीनें शिकलेलीं आहेत. चित्रांच्या जागीं लिखित मजकूर, इतकाच भेद. वाक्याचे बारीक तुकडे करावयाचे, व पुढील तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधावयाचा. ज्या भाषेंत मजकूर विपुल, तिचा अंदाज अचूक. २०११ च्या जनगणनेप्रमाणें मराठी मातृभाषा सांगणारे लोक ८ कोटी ३० लक्ष आहेत. युरोपांतील बहुतेक देशांची लोकसंख्या याहून कमी आहे. तथापि सर्वांस खुला असलेला जो विकिपीडिया हा ज्ञानकोश, त्यांत इंग्रजी लेख सुमारे ७० लक्ष व मराठी लेख लाखाच्या आसपास. शिवाय यंत्राचे तुकडे पाडण्याचे नियम प्रथम इंग्रजीच्या मापानें बेतलेले असल्यामुळें मराठी वाक्याचे तुकडे अधिक पडतात, आणि या यंत्रांचें भाडें तुकड्यांच्या संख्येवर आकारलें जातें. म्हणजे तोच प्रश्न मराठींत विचारणारास उत्तर कमी प्रतीचें व महाग मिळण्याचा संभव! गरिबानें सुट्टें तेल-मीठ घेतां घेतां श्रीमंतापेक्षां अधिक दाम मोजावा, तशांतलाच हा प्रकार.

यावर उपाय होऊं शकत नाहीं असें नाहीं. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत खेड्यांतील गरीब माणसें, शहरांतील गरीब वस्तींतील माणसें व विद्यापीठांतील विद्यार्थी अशा ३६ जणांकडून मोबदला देऊन मराठी वाचन ध्वनिमुद्रित करून घेण्यांत आलें. एकूण १०९ तासांचें भाषण जमलें. गरिबांनीं केलेलें काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचें भरलें. ही गोष्ट आम्हां शिक्षकांस अंतर्मुख करणारी आहे, कारण असें काम पदवीधरांचें, अशीच आमची समजूत असते. याच्या उलट बाजूस केनियांतील हकीकत आहे. तेथील कामगारांस यंत्राच्या शिक्षणाकरितां दिवसभर अत्यंत बीभत्स मजकूर वाचून त्यावर शेरे मारावे लागत, व त्यांना ताशीं दोन डॉलरांहूनहि कमी वेतन मिळे, असें 'टाइम' नियतकालिकानें जानेवारी २०२३ मध्यें उघडकीस आणलें. शेरे मारणारे हात बहुधा गरीब देशांतले आणि यंत्राचें उत्पन्न बहुधा श्रीमंत देशांत जमा.

यंत्राचें शरीरहि असेंच थोड्या ठिकाणीं एकवटलेलें आहे. हें शिक्षण ज्या चिपांवर चालतें त्यांतील बहुतेक नामांकित चिपांचे आराखडे अमेरिकेंत निघतात; त्या घडविल्या जातात मुख्यतः तैवानांत; आणि त्यांवर अतिसूक्ष्म रेषा उमटविणारें अद्ययावत् यंत्र सबंध पृथ्वीवर नेदरलंड्समधील एकच कंपनी बनविते. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेनें २०२५ च्या अहवालांत दाखविलें आहे कीं, जगांतील कंपन्या संशोधनावर जो खर्च करतात त्यापैकीं शेंकडा ४० खर्च केवळ १०० कंपन्यांचा आहे, व त्या बहुतांशीं अमेरिका व चीन या दोन देशांतील आहेत. या यंत्रांसंबंधीं जगाचे नियम ठरविण्याच्या ज्या प्रमुख बैठकी होतात, त्यांत ११८ देशांना स्थानच नाहीं.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. कारण हा प्रश्न पिंपरीस अगदींच अपरिचित नाहीं. एक वेळ तो येथें सुटला होता. निदान अर्धा तरी.

पेनिसिलिन हें औषध अलेक्झांडर फ्लेमिंग यांस लंडनमध्यें १९२८ सालीं आढळलें. तें बुरशीपासून होतें. शोध इंग्लंडचा, परंतु मोठमोठ्या पोलादी टाक्यांत हवा खेळवून ही बुरशी टनावारी वाढविण्याची युक्ति दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेनें सिद्ध केली, व तिचे एकाधिकार तेथील कंपन्यांनीं घेतले. अधिक उत्पन्न देणारी बुरशीची जात तर १९४३ सालीं पीओरिया गांवच्या एका खरबुजावर सांपडली! युद्ध संपलें तेव्हां आपल्या देशांत न्यूमोनियानें आजारी पडलेल्या मुलाच्या बापास औषधाचें नांव ठाऊक असे, पण तें परदेशांतून येणार, महाग येणार व थोडें येणार. ज्ञान कोणाच्या मालकीचें, हा त्या बापाच्या दृष्टीनें तात्त्विक प्रश्न नव्हता.

१९५४ सालीं भारत सरकारनें पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन केला. युनिसेफनें यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेनें तज्ज्ञांचें साहाय्य दिलें, आणि १९५५ सालीं पेनिसिलिन तयार होऊं लागलें. नुसती आयात केलेली बाटली फोडून लहान बाटल्यांत भरण्याचा हा उद्योग नव्हता. बुरशी कशी जोपासावी, टाकीचें तापमान कसें राखावें, औषध गाळून शुद्ध कसें करावें, हें सारें आपलीं माणसें शिकलीं. शिकलेला माणूस मग स्वस्थ बसत नाहीं. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेंत एम. जे. थिरुमलाचार व त्यांचे सहकारी मातींतील सूक्ष्म जीव तपासूं लागले, व १९६१ सालीं त्यांनीं बुरशीजन्य रोगांवरील हॅमायसिन हें औषध जगापुढें ठेवलें. तें ज्या जीवापासून निघालें तो पिंपरीच्या मातींत सांपडला, म्हणून त्याचें शास्त्रीय नांव स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. आपण ज्या रस्त्यानें शाळेस येतां-जातां, तेथल्या मातीचें नांव जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत आहे. हें आमच्या किती विद्यार्थ्यांस ठाऊक आहे?

मात्र ही कथा येथेंच थांबविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पुढें १९९० नंतरच्या दशकांत हा कारखाना आजारी उद्योगांत जमा झाला. चीनमधून येणारा कच्चा माल इतका स्वस्त पडूं लागला कीं, पेनिसिलिनच्या मूळ द्रव्याकरितां सबंध देश पुन्हां परक्यांच्या दाराशीं उभा राहिला. विद्या एकदां हस्तगत केली म्हणजे पिढ्यान् पिढ्या पुरते, असें नाहीं. ती रोज उगाळावी लागते, व उगाळण्यास पैसा लागतो.

१९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, आकुर्डी येथील माळरानांवर कारखाने उभे राहिले. पुढें ही लाट पुणें-नाशिक रस्त्यानें चाकणकडे सरकली. फिरंगोजी नरसाळा यांनीं १६६० सालीं शाएस्तेखानाविरुद्ध लढविलेला किल्ला आणि कांद्याचा बाजार, एवढ्यावर ज्या गांवाची ओळख होती, तेथें महाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या शिवारांत आज जर्मन, कोरियन व देशी कंपन्यांची दाटी आहे. स्वतंत्र पिंजऱ्याविना माणसाच्या शेजारीं उभे राहून काम करणारे डेन्मार्कचे यांत्रिक हात बजाज कंपनीनें २०१० पासून आपल्या कारखान्यांत आणले; चाकणच्या कारखान्यांत ते वापरांत आहेत. जड व त्रासाचें काम त्यांनीं हलकें केलें, हें नाकारूं नये.

परंतु भोसरीच्या एखाद्या गाळ्यांत दोन लेथ चालविणाऱ्या कारखानदारास असला हात परवडत नाहीं. मोठी कंपनी त्यास सांगते, प्रत्येक भाग शंभर टक्के निर्दोष हवा आणि दर गतवर्षींचाच. तो कॅमेरा घेऊं शकत नाहीं, व कॅमेऱ्याशीं स्पर्धा तर करावी लागते. माझ्या मतें या पट्ट्यांतील खरी विषमता माणूस आणि यंत्र यांच्यांत नसून यंत्र घेऊं शकणारा व न घेऊं शकणारा यांच्यांत आहे. कायम कामगार व कंत्राटी कामगार यांच्यांतील दरी तर त्याहूनहि जुनी. आणि काम जाण्यास बुद्धिमान् यंत्रच लागतें असें थोडेंच आहे! तळेगांवचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ सालीं सुरू झाला व डिसेंबर २०२० मध्यें तेथील उत्पादन थांबलें. निर्णय सातासमुद्रांपलीकडचा होता. पुढें तो कारखाना ह्युंदाई कंपनीनें घेतला.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनें जानेवारी २०२४ मध्यें असें अनुमान मांडलें कीं, जगांतील शेंकडा ४० कामांवर या नव्या यंत्रांचा परिणाम होईल. श्रीमंत देशांत हें प्रमाण शेंकडा ६०, तर अगदीं गरीब देशांत शेंकडा २६. वरवर पाहतां गरीब देश सुरक्षित वाटतात. पण परिणाम म्हणजे केवळ हानि नव्हे. श्रीमंत देशांतील त्या कामांपैकीं सुमारें निम्म्या कामांस यंत्रामुळें बळ मिळेल, असेंहि तो अहवाल म्हणतो. ज्याच्या शेतांत पाट येत नाहीं त्याला पुराचें भय कमी, आणि पिकाची आशाहि कमी.

मार्च २०२४ मध्यें भारत सरकारनें या विद्येकरितां १० हजार ३०० कोटींहून अधिक रुपयांची योजना मंजूर केली. महागड्या चिपा एकत्र करून संशोधकांस व लहान उद्योगांस त्या थोड्या भाड्यानें वापरावयास देणें, हा तिचा एक मुख्य भाग आहे. पिंपरीच्या टाक्यांची आठवण करून देणारी ही कल्पना आहे, व म्हणूनच मला ती आवडते. मात्र भोसरीच्या गाळ्यापर्यंत ती पोंचते कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो विद्यार्थी मला पटांगणावर भेटला. कारखान्यांत मोटारीचा एक नवा, मोतिया छटेचा रंग आला, आणि कॅमेरा चांगले पत्रेहि सदोष ठरवूं लागला, असें त्यानें सांगितलें. वडिलांना पुन्हां त्या खोलींत बोलावणें आलें आहे. या वेळीं त्यांनीं कंत्राटदाराकडे शेरे मारण्याचा वेगळा रोज मागितला आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.