काळ्या मातीवरचा सिमेंटचा रस्ता: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रस्त्याला खड्डे पडले की दोष डांबराचा, आणि सिमेंट काँक्रीट हा त्यावरचा कायमचा, शिवाय पर्यावरणपूरक उपाय, हा समज मराठवाड्यात चांगलाच मुरला आहे. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड, अजिंठामार्गे जळगावला जाणाऱ्या महामार्गाच्या रखडलेल्या काँक्रिटीकरणाने प्रवाशांचा अंत पाहिला, तरी तो समज ढळलेला नाही. वास्तविक रस्ता बिघडतो तो मुख्यतः खालच्या मातीमुळे आणि तिच्यात मुरणाऱ्या पाण्यामुळे. वरचा थर कशाचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

बेसाल्टची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज असते. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, आणि उन्हाळ्यात ती आक्रसून तिला खोल भेगा पडतात. मातीची भार पेलण्याची क्षमता प्रमाणित खडीच्या तुलनेत मोजणाऱ्या सीबीआर चाचणीत भिजलेली काळी माती बहुधा 2 ते 4 टक्क्यांच्या आसपासच भरते. अशा मातीवर डांबरी थर निदान थोडा लवतो; काँक्रीटची लादी मात्र ताठ असल्याने खालची माती असमान हलली की तिच्याखाली पोकळी राहते आणि अवजड ट्रकच्या भाराने लादी तडकते. डांबरातील खड्डा बुजवता येतो, पण पार तडकलेली लादी फोडून नव्याने ओतावी लागते. हे कोणी काल लावलेले शोध नव्हेत: इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 37 या मार्गदर्शिकेत फुगणाऱ्या मातीवर 0.6 ते 1 मीटर जाडीचा, न फुगणाऱ्या मातीचा थर देण्याची शिफारस आहे. दुसरा मार्ग चुन्याचा. मातीत काही टक्के चुना मिसळला, की त्यातील कॅल्शियममुळे तिचे फुगणे कमी होते आणि पुढे चिकणमातीशी अभिक्रिया होऊन ती घट्ट बांधली जाते. भरावासाठी औष्णिक केंद्रांची राखही चालते, आणि भुसावळजवळचे दीपनगरचे केंद्र या महामार्गापासून फार लांब नाही.

पर्यावरणपूरकतेचा दावा तर अधिकच पोकळ आहे. जगातील कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण 7 ते 8 टक्के असून त्यातील निम्म्याहून अधिक वायू इंधनातून नव्हे, तर भट्टीत चुनखडीचे विघटन होताना निघतो. म्हणजे कारखाना संपूर्ण सौर विजेवर चालवला तरी हा वायू निघणारच. काँक्रीट त्याज्य आहे असे नव्हे. अवजड वाहतुकीच्या किंवा पाणी साचणाऱ्या जागी ते योग्य ठरते, पण पाया आणि निचरा यांची जागा ते घेऊ शकत नाही.

प्लॅस्टिकमिश्रित डांबराने कचऱ्याचा प्रश्न सुटतो, हा समजही अतिरंजित आहे, कारण त्यात डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्केच प्लॅस्टिक खपते. रुंदीकरणासाठी तोडलेल्या जुन्या वडाची भरपाई दहा रोपांनी होते, हे केवळ कागदावर खरे. स्थानिक मुरूम हलका म्हणून दुरून खडी आणणे, हे चाचणी न करताच डिझेल जाळणे होय. रस्ता रुंद केला की पर्यटन आपोआप निर्मळ होते असेही नाही: अजिंठा लेण्यांसाठी खासगी वाहने फर्दापूरजवळच्या तिठ्यावर थांबवून पर्यटकांना पुढचे सुमारे 4 किलोमीटर बसने न्यावे लागते, ते धुरापासून चित्रांना जपण्यासाठीच.

यापुढे गावात रस्ता मंजूर झाल्यास ग्रामसभेने थराची जाडी विचारण्याआधी माती तपासणीचा अहवाल आणि बाजूच्या गटारांचा व मोऱ्यांचा आराखडा मागावा.