खा आणि आभार मान

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की घराघरांत ईदची यादी निघते. शिरखुर्म्यासाठी शेवया, खारीक, चारोळी, बदाम, पिस्ते. त्याच यादीत मैदा, साखर आणि तूपही असतं. हे सामान डब्यांत भरून बेकरीत जातं आणि भट्टीवाला त्याची नानकटाई करून पत्र्याचा डबा भरून परत देतो. दिवाळीच्या आठवड्यात त्याच भट्टीपुढे पुन्हा रांग लागते. सामान तेच, डबे तेच, रांगेतली माणसं मात्र बरीचशी वेगळी.

अशी रांग फक्त आपल्याकडे लागत नाही. कैरोच्या जुन्या वस्त्यांमध्ये ईदच्या आधी बायका आणि मुलं डोक्यावर पत्र्याचे मोठे ट्रे घेऊन मोहल्ल्यातल्या भट्टीकडे निघत. भट्टीला तिथे 'फुर्न' म्हणतात आणि ट्रेंना 'सागात'. ट्रेमध्ये घरी वळलेली, नक्षी केलेली गोल बिस्किटं असत. त्यांचं नाव 'कहक'. आज पुष्कळ घरांत ओव्हन आले, मिठाईच्या दुकानांत तयार खोकी मिळतात, तरी इजिप्तमध्ये ईद-उल-फित्र म्हटलं की कहक आलाच. आपल्याकडे शिरखुर्म्याशिवाय ईद नाही, तसं तिकडे कहकशिवाय नाही.

कहक म्हणजे तुपात मळलेलं, तोंडात विरघळणारं बिस्किट. आत अक्रोड, पिस्ते, खजूर किंवा मधाचं सारण आणि वरून भरपूर पिठीसाखर. सारणाचा एक लोकप्रिय प्रकार 'अगमिया'. तूप, थोडं पीठ, मध, तीळ आणि अक्रोड एकत्र शिजवून तो करतात. हे नाव 'अजमी' या शब्दावरून आलं. उर्दू वाचणाऱ्यांना तो ओळखीचा आहे. अजम म्हणजे अरबेतर मुलूख, विशेषतः इराण. आपल्या नानकटाईच्या नावातही असाच दूरचा मुलूख लपलेला आहे. 'नान' म्हणजे फारसीत भाकरी आणि 'खताई' म्हणजे खता देशाची, अर्थात उत्तर चीनकडची. खाण्याच्या पदार्थांना सरहद्दी फारशा अडवत नाहीत, हे त्यांच्या नावांतूनच कळतं.

इजिप्तमध्ये ईदच्या कहकचा इतिहास हजार वर्षांहून जुना आहे. इख्शिदी राजवटीत (इ. स. 935 ते 969) अबू बक्र अल-मादराई या वजिराने कहकच्या पोटात सोन्याच्या मोहरा भरून पाहुण्यांना वाढल्याची हकिकत सांगितली जाते. त्यानंतर आलेल्या फातिमी खलिफांनी तर या कामासाठी वेगळी इमारतच उभारली. तिचं नाव 'दार अल-फित्रा'. ईदला वाटायच्या मिठायांची तयारी तिथे रजब महिन्याच्या मध्यापासून, म्हणजे ईदच्या सुमारे अडीच महिने आधीपासून सुरू होई. पंधराव्या शतकातला इतिहासकार मकरीझी याने कैरोचं वर्णन करताना या इमारतीची दखल घेतली आहे. 1171 मध्ये सलाहुद्दीनने फातिमी राजवट संपवली. खलिफा गेले, कहक राहिला. पुढे मामलूक काळातल्या वक्फनाम्यांतही ईदला कहक वाटण्याची तरतूद आढळते.

इथे 'फित्रा' या शब्दाकडे लक्ष द्यायला हवं. रमजान संपताना ऐपत असलेल्या प्रत्येक मुसलमानाने घरातल्या दर माणशी ठरावीक मापाचं धान्य किंवा त्याची किंमत गरिबांना द्यायची असते. हाच फित्रा. तो ईदच्या नमाजाआधी पोहोचला पाहिजे. कारण साधं आहे: त्या दिवशी कुणाच्या घरी चूल थंड राहू नये. ज्या इमारतीत ईदची मिठाई तयार होत होती, तिचं नाव या दानाशी जोडलेलं होतं. म्हणजे कहक आधी वाटण्याचा पदार्थ होता आणि मग खाण्याचा. कैरोच्या इस्लामी कला संग्रहालयात कहकचे जुने साचे जपून ठेवले आहेत. त्यांवर कोरलेलं आहे: 'कुल वश्कुर', खा आणि आभार मान. कुणी खायचं, याची अट त्या साच्यावर नाही.

आणि खरोखरच कहक फक्त मुसलमानांचा राहिला नाही. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती लोक नाताळ आणि ईस्टरला तोच कहक करतात. त्यांचा नाताळ 7 जानेवारीला येतो. त्याआधी 43 दिवसांचा उपवास असतो आणि ईस्टरच्या आधी 55 दिवसांचा. या उपवासात मांस, दूध, अंडी आणि तूपही वर्ज्य. कहक तर तुपाशिवाय होत नाही. त्यामुळे उपवासाच्या अखेरच्या दिवसांत कॉप्टिक घरातली बाई जो कहक वळते, तो तिला स्वतःला सण उजाडेपर्यंत चालत नाही. मोहल्ल्यातली मुसलमान बाई रमजानच्या अखेरीस नेमकी याच अवस्थेत असते. दिवसा भाजायला बसली तर घरभर तुपाचा आणि वेलचीचा घमघमाट, आणि हात पिठात असूनही तोंडात काही जाणार नाही. म्हणूनच बहुतेक घरांत हे काम इफ्तार आणि तरावीहनंतर निघतं आणि सहेरीपर्यंत चालतं. दोन धर्मांच्या दोन स्वयंपाकघरांत एकच पदार्थ उपाशीपोटी तयार होतो आणि सणाच्या दिवशी ताटातून एकमेकांच्या दारात जातो.

सीरिया, लेबनॉन आणि पॅलेस्टाईनमध्ये कहकचा जवळचा नातेवाईक आहे, 'मामूल'. रव्याच्या आवरणात खजूर, अक्रोड किंवा पिस्ते भरून तो लाकडी साच्यात ठोकतात. मुसलमान तो ईदला करतात, ख्रिस्ती ईस्टरला, आणि त्या मुलखातले ज्यू पुरीमच्या सणाला. ग्रीसमध्ये नाताळला पिठीसाखरेत बुडवलेली बदामाची बिस्किटं करतात, त्यांना 'कुराबियेदेस' म्हणतात. तुर्की घरांत बिस्किटाला 'कुराबिये' म्हणतात. नाव जवळजवळ एकच आहे.

आता कृतीकडे वळू. मराठी घरात कहक अवघड जाणार नाही, कारण त्यातलं मुख्य तंत्र आपल्याला ठाऊक आहे: कडकडीत मोहन. शंकरपाळ्या आणि करंज्या करणाऱ्या हातांना वेगळं काही शिकायचं नाही.

आधी सारण. 2 चमचे तुपात 2 चमचे मैदा मंद आचेवर बदामी भाजा. 3 मोठे चमचे मध घालून घट्ट होईपर्यंत हलवा. आच बंद करून 1 चमचा भाजलेले तीळ आणि 100 ग्रॅम बारीक चिरलेले अक्रोड मिसळा. गार झाल्यावर सुपारीएवढ्या 30 गोळ्या वळून ठेवा. अक्रोड महाग वाटले तर बदाम किंवा भाजलेले काजू घ्या.

पिठासाठी अर्धा किलो मैदा, 1 मोठा चमचा पिठीसाखर, 2 चमचे भाजलेले तीळ, 1 लहान चमचा यीस्ट, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ परातीत एकत्र करा. इजिप्तमध्ये यात 'रीहत अल-कहक', म्हणजे कहकचा सुवास नावाचा मसाला पडतो. त्यातला महलब, म्हणजे एका रानटी चेरीच्या बीचा गर, आपल्या बाजारात सहसा मिळत नाही. पण बडीशेप, वेलची, दालचिनी आणि लवंग मिळतात. त्यांची मिळून 1 लहान चमचा पूड पुरे. पाऊण पाव, म्हणजे 190 ग्रॅम तुपात आणखी 85 ग्रॅम तूप घालून, एकूण 275 ग्रॅम साजूक तूप कडक तापवा आणि पिठावर ओता. आधी चमच्याने ढवळा आणि सोसवेल इतकं निवल्यावर दोन्ही हातांनी चोळा. पिठाच्या कणाकणाला तूप लागलं पाहिजे. कहकचा खुसखुशीतपणा सगळा इथे ठरतो. मग कोमट दूध थोडं थोडं घालत, साधारण अर्धी वाटी, पीठ फक्त गोळा करा. पोळीच्या कणकेसारखं मळू नका, नाहीतर कहक चिवट होईल. झाकून तासभर ठेवा.

लिंबाएवढा गोळा घ्या, अंगठ्याने खळगा करा, सारणाची गोळी आत ठेवून तोंड बंद करा आणि हलकेच चपटा करा. कैरोत यावर 'मनकाश' नावाच्या दातेरी चिमट्याने नक्षी काढतात. आपल्याला काटा चमचा किंवा करंजीचं कातणं चालेल. ही नक्षी केवळ शोभेची नसते, तिच्या खाचांत पिठीसाखर धरून राहते. मार्चच्या उन्हाळ्यात पीठ सैल पडतं, तेव्हा वळलेले कहक भाजण्याआधी 20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. 180 अंशांवर 18 ते 20 मिनिटं भाजा. तळ बदामी व्हायला हवा, वरचा भाग फिकाच राहू द्या. ओव्हन नसेल तर ट्रे घेऊन सरळ भट्टीवाल्याकडे जा. पूर्ण गार झाल्याशिवाय साखर भुरभुरू नका, गरम कहकवर ती वितळून चिकट होते. घट्ट झाकणाच्या डब्यात कहक 15 दिवस टिकतात.

या कृतीत एक गोष्ट नाही: अंडं. पारंपरिक कहकमध्ये ते नसतंच. आपल्या गावांत ही बाब लहान नाही. ईदचं ताट शेजारी न्यायचं म्हटलं की मनात पहिला प्रश्न येतो, त्यांना चालेल का? शाकाहारी घराला कहक निर्धास्तपणे देता येतो. जैन शेजाऱ्यांना मध आणि यीस्ट चालत नसेल तर त्यांच्यासाठी वेगळा घाणा करा. यीस्ट वगळा, बेकिंग पावडर 1 लहान चमचा घ्या आणि सारण खजूर व अक्रोडाचं करा. शेजाऱ्याला काय चालतं हे आठवून पदार्थ करणं, हा सणाचाच भाग आहे.

आपल्याकडे जुना रिवाज आहे, शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. शिरखुर्म्याच्या वाडग्यातून साखर किंवा लाडू परत येतात, दिवाळीच्या फराळाचं ताट ईदला शेवयांनी भरून जातं. हा रिवाज हिंदू घरांत आहे, मुसलमान घरांतही आहे, आणि कुणी कुणाकडून घेतला हे आता सांगता येणार नाही. पण त्यासाठी दारं एकमेकांच्या जवळ असावी लागतात. गेल्या काही वर्षांत आपल्या गावांत वस्त्या वेगळ्या होत चालल्या आहेत. 'आमच्या' आणि 'त्यांच्या' सोसायट्या झाल्या आहेत. भाड्याच्या घरासाठी विचारायला गेलं की नाव ऐकून चेहरा बदलतो, हा अनुभव माझ्या अनेक विद्यार्थ्यांना येतो. ज्या मुलाने शेजारच्या घरातलं ताट कधी पाहिलंच नाही, त्याला त्या घराबद्दल जे कळणार ते मोबाइलवरच कळणार. मग काय कळणार, हे वेगळं सांगायला नको.

बिस्किटाच्या एका ताटाने हे सगळं बदलेल, असा माझा दावा नाही. इजिप्तमध्येही कॉप्ट आणि मुसलमान यांच्यात तणावाचे, रक्तपाताचेही प्रसंग आले. पण त्या प्रसंगांनंतर येणाऱ्या सणाला ताट घेऊन जायचं की नाही, हा निर्णय शेवटी घरातल्या माणसांनाच घ्यायचा असतो, आणि पुष्कळ घरांनी तो जायच्या बाजूने घेतला. म्हणून तर दोन्ही सणांना कहक अजून एकच आहे.

यंदा पाडवा आणि ईद मागेपुढेच येत आहेत. घरात एकदा पीठ मळायचंच आहे, तर थोडं जास्त मळू या. भांडं देताना त्यावर नाव घालायला विसरू नका. ते परत आलं पाहिजे, आणि रिकामं नको.