युद्धाचे कायदे, भाग ५ : डाकू ठरवले की मारायला मोकळे?

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहणाऱ्याला राजाची गोष्ट कळते : ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८६ ते १९१६ ही तीस वर्षांची नजरकैद, इथेच मृत्यू आणि इथेच थडगे. राजाला बोटीत बसवून नेल्यावर त्याच्या राजधानीत, मंडालेत, काय घडले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. युद्धगुन्हा म्हणजे काय, हे त्या हकिकतीतून जास्त कळते.

नोव्हेंबर १८८५ मध्ये जनरल प्रेंडरगास्टच्या इंग्रज फौजेने जेमतेम पंधरवड्यात मंडाले घेतले. थिबा शरण आला आणि १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्य खालसा झाले. पण विखुरलेले सैनिक आणि गावोगावचे लोक शस्त्रे खाली ठेवेनात. इंग्रजांनी त्यांना डाकू ठरवले. मग युद्धकैद्याचा मान नाही, की रीतसर खटला नाही. पकडायचे आणि गोळ्या घालायच्या.

मंडालेत हे काम कर्नल हूपर या प्रोव्होस्ट मार्शलकडे, म्हणजे लष्करी पोलिसांच्या प्रमुखाकडे, होते. त्याला छायाचित्रणाचा नाद. लंडनच्या ‘टाइम्स’च्या बातमीदाराने जानेवारी १८८६ मध्ये कळवले, की कैदी गोळीबारासाठी उभे असताना हूपर कॅमेरा लावतो आणि गोळी लागतानाचा नेमका क्षण टिपता यावा म्हणून हुकूम लांबवतो. एका कैद्याला तर मृत्यूच्या भीतीने दुसऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला लावल्याचाही आरोप होता. पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले, चौकशी झाली. हूपर जाहीर ठपका आणि तात्पुरती पगारकपात यांवर सुटला.

तेव्हा कायदाच तोकडा होता. १८६४ चा जिनिव्हा करार जखमी आणि आजारी सैनिकांपुरता. १८९९ च्या हेग नियमांनी युद्धकैद्यांना माणुसकीने वागवायला सांगितले, पण ते सह्या केलेल्या राष्ट्रांच्या आपसातल्या लढायांपुरते. बंडखोराच्या वाट्याला संरक्षण आले ते १९४९ मध्ये. जिनिव्हाच्या चारही करारांत तिसरे कलम एकच आहे : लढाई देशांतर्गत असली, तरी शस्त्र टाकलेल्याचा खून, छळ आणि न्यायालयाच्या निकालाविना देहदंड यांना मनाई.

हूपरच्या कॅमेऱ्यालाही आता कायद्याचे उत्तर आहे. तिसऱ्या कराराच्या तेराव्या कलमानुसार युद्धकैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून जपावे लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानच्या हाती सापडलेले भारतीय वैमानिक विंग कमांडर अभिनंदन यांचे जखमी अवस्थेतले चित्रण पाकिस्तानातून पसरले, तेव्हा भारताने जिनिव्हा कराराचाच आधार घेऊन निषेध केला.

भारताने या करारांसाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदा केला. करारांनी संरक्षण दिलेल्या व्यक्तीच्या हेतुपुरस्सर हत्येला त्यात फाशी किंवा जन्मठेप आहे. मात्र न्यायालय दखल घेते ती सरकारने तक्रार केली तरच. मारल्या गेलेल्याच्या घरच्यांना या कायद्याखाली थेट दाद मागता येत नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती दूर व्हायला हवी.

(पुढील भागात : मंडालेच्या राजवाड्याची लूट आणि १९६४ मध्ये लंडनहून परत गेलेली राजचिन्हे)